लक्ष्मीपुरीतून आणलेलं ओटीपोटाचं मॉडेल, सहा महिने वापरून झाल्यावर लिहितेय

आधी एवढंच सांगते की घ्या. बायोलॉजी शिकवत असाल तर घ्याच, आणि आशाताई, नर्सबाई किंवा बचत गटात आरोग्याचं बोलणाऱ्या कुणी असाल तर तुम्हाला तर जास्तच उपयोगी पडेल. तक्रारी आहेत आणि एक तर मोठी आहे, ती खाली सविस्तर लिहिते, पण सहा महिन्यात ह्या दोन मॉडेलनी, एक बाईचं आणि एक पुरुषाचं, जे काम केलंय ते माझ्या वीस वर्षांच्या फळ्यावरच्या आकृत्यांनी केलं नव्हतं.

मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. आपल्याकडे अकरावीला उत्सर्जन आणि बारावीला प्रजनन, म्हणजे मध्ये अख्खं वर्ष. लॅबमध्ये तक्ते पण दोन वेगळ्या भिंतींवर. उत्सर्जनाच्या तक्त्यात दोन किडन्या, दोन मूत्रवाहिन्या, खाली मूत्राशय आणि त्याच्या खाली एक छोटासा नळीचा तुकडा लोंबतोय, तो पुढे कुठं जातो काहीच नाही. प्रजननाच्या तक्त्यात गर्भाशय, अंडवाहिन्या, अंडाशय सगळं सुंदर, पण मूत्राशय गायब. पोरं दोन्ही आकृत्या घोटून घोटून पाठ करतात, पाचपैकी पाच मार्क घेतात, आणि ह्या दोन गोष्टी एकाच ओटीपोटात एकमेकीला चिकटून बसल्यात हे त्यांच्या डोक्यात कधी येतच नाही.

मागच्या वर्षी बारावीतली एक मुलगी तास संपल्यावर थांबली, सगळे जाईपर्यंत बॅगेची चेन उघडझाप करत राहिली आणि मग हळूच विचारलं, मॅडम, पाळीला कप घातला तर लघवी कुठून करायची? वर्गात पहिली येणारी मुलगी होती ती. तिच्या वहीत स्त्री प्रजननसंस्थेची आकृती माझ्यापेक्षा चांगली काढलेली होती. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं, तिला कळलं पण, पण घरी जाताना मला सारखं वाटत राहिलं की हिनं विचारलं म्हणून, बाकीच्या चाळीस जणींचं काय.

तर लक्ष्मीपुरीत प्रयोगशाळेच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे, बोळातलं, आत गेलं की दोन्ही बाजूला चंचुपात्रं आणि परीक्षानळ्यांची खोकी छतापर्यंत. मी काकांना म्हटलं ओटीपोटाचा उभा छेद असलेलं मॉडेल आहे का, बाईचं आणि पुरुषाचं दोन्ही. काकांनी पोराला शिडीवर चढवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन खोकी खाली आली, धूळ झटकून काउंटरवर उघडली. शेजारी स्टेशनरी घ्यायला आलेले एक गृहस्थ मान फिरवून उभे राहिले. काका त्यांच्याकडं बघून नाही पण मोठ्यानंच म्हणाले, "लाजायचं काय हाय ह्यात मॅडम, डोळ्याचं मॉडेल इकतो, कानाचं इकतो, तसंच ह्ये." मला त्या एका वाक्यासाठी त्या दुकानाला पाच स्टार द्यावेसे वाटतात.

दोन्ही मिळून ५२०० सांगितले, ४७०० ला दिले. माल अंबाल्याचा. अंबाला म्हणजे आपल्याकडच्या शाळा-कॉलेजच्या लॅबचं निम्मं सामान जिथून येतं ते गाव. पीव्हीसीचं आहे, साधारण खऱ्या मापाचं, लाकडी पाटावर बसवलेलं. माणूस बरोबर मधून उभा कापला तर बाजूनं जसं दिसेल तसं. पुरुषाच्या मॉडेलमध्ये दोन भाग सुटे होतात, बाईच्या मॉडेलमध्ये तीन, गर्भाशय आणि मूत्राशय वेगवेगळे काढून हातात घेता येतात, आत लोहचुंबक आहेत. गाडीवर पायाजवळ ठेवून आणलं, काही झालं नाही.

आता मॉडेलमध्ये दिसतं काय ते सांगते, कारण घ्यायचं की नाही ते त्याच्यावरच ठरतं.

पुरुषाचं मॉडेल मी वर्गात आधी घेते कारण तिथं दोन संस्था खरोखर एकत्र येतात. वर मूत्राशय, त्याच्या तळाला अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी, आणि मूत्रमार्ग, म्हणजे लघवी बाहेर नेणारी नळी, प्रोस्टेटच्या बरोबर पोटातून खाली जातो. इकडून वृषणातून शुक्रवाहिनी निघते, पण ती सरळ शिश्नात येत नाही, आधी वर चढते, जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाला वळसा घालते, मूत्रवाहिनीच्या वरून ओलांडून मागे येते, तिथं शुक्राशयाची नळी तिला मिळते आणि मग दोघी मिळून प्रोस्टेटमध्ये घुसून मूत्रमार्गात उघडतात. हे तोंडानं सांगितलं की पोरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. म्हणून मी दोन रंगाची लोकर घेतली, पिवळी लघवीची आणि पांढरी वीर्याची, आणि मॉडेलच्या खाचेतून फेविकॉलचा बारीक ठिपका देत देत चिकटवली. पिवळी मूत्राशयातून खाली, पांढरी खालून वर चढून वळसा घालून मागून. दोन्ही प्रोस्टेटमध्ये येऊन भेटतात आणि तिथून पुढे एकच वाट. आमच्या पोरांना मी एवढंच म्हटलं की प्रयाग चिखलीला गेलाय न्हवं, नद्या येतात वेगवेगळ्या आणि पुढं वाहते ती पंचगंगा, तसं. झटकन कळलं. प्रयाग चिखलीला संगमावर न गेलेलं पोरगं आमच्या वर्गात नाही.

पुढचा प्रश्न मग ठरलेला असतो, मॅडम दोन्ही एकदम आलं तर? नाही येत. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं आहे, वीर्य बाहेर पडायच्या वेळी ते घट्ट आवळतं, त्यामुळं लघवी खाली येत नाही आणि वीर्य वर मूत्राशयात जात नाही. आणि लघवी आंबट असते, शुक्राणूंना ती मानवत नाही, म्हणून त्याआधी खालच्या छोट्या ग्रंथींमधून थोडासा चिकट स्राव येऊन वाट धुऊन जातो. नसबंदीचा प्रश्न पण इथंच सुटतो. नसबंदीत पांढरी लोकर कापतात, ती पण अगदी सुरुवातीला अंडकोषाजवळ, पिवळीला कुणी हात लावत नाही. आणि वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेटमधून येतो, वृषणातून येणारा वाटा अगदी थोडा, त्यामुळं नंतर फरक सुद्धा कळत नाही. नसबंदीनं लघवीला त्रास होतो, कमरेत ताकद राहत नाही, हे आपल्याकडं अजून किती घरात बोललं जातं ते सगळ्यांना माहितीय, आणि त्यापायी ऑपरेशन कायम बायकांच्याच वाट्याला येतं.

आता घरचं सांगते. माझे वडील, अण्णा, ७१ वर्षांचे, मंगळवार पेठेत आमचं घर. रात्री चार-पाच वेळा उठायचे. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथं तीन मिनिटात चिठ्ठी हातात दिली आणि प्रोस्टेट वाढलीय एवढंच सांगितलं. अण्णांनी ती चिठ्ठी कपाटात ठेवून दिली, गोळ्या आणल्याच नाहीत. आई खोदून खोदून विचारायची तर म्हणायचे बघू. मी एका रविवारी मॉडेल घरी आणलं होतं, नंबर नीट लावायला म्हणून, जेवणाच्या टेबलावर ठेवलेलं. अण्णा चहा घेऊन आले, बसले, बराच वेळ बघत राहिले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ह्यात प्रोस्टेट कुठली गं?"

मी बोट ठेवून दाखवलं. म्हटलं अण्णा, ही अशी गळपट्ट्यासारखी मूत्रमार्गाच्या भोवती आहे, वय झालं की ती जाड होते, साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांची थोडीफार होतेच, आणि आतली वाट अरुंद होते, म्हणून धार बारीक, म्हणून थांबून थांबून, म्हणून पूर्ण रिकामं होत नाही आणि तासाभरात परत उठावं लागतं. त्यांनी स्वतः करंगळीच्या नखानं ती वाट चाचपली. मग म्हणाले, "आणि ऑपरेशन केल्यावर माणूस निकामी हुतोय म्हंत्यात, कट्ट्यावर समदे तसंच बोलत्यात." बापानं मुलीशी हे बोलणं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मॉडेल मध्ये नसतं तर झालंही नसतं, दोघंही मॉडेलकडं बघत होतो म्हणून जमलं. मी म्हटलं अण्णा, ताठरतेच्या नसा ह्या प्रोस्टेटच्या बाहेरून जातात, आतून दुर्बिणीनं खरवडतात तेव्हा त्यांना सहसा काही होत नाही. पण मघाशी म्हटलं ते मूत्राशयाच्या तोंडाचं कडं सैल पडतं, म्हणून बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्यानं अपाय काही नाही, फक्त आधी सांगितलेलं नसलं की माणूस घाबरतो. काही गोळ्यांनी पण तसं होतं कारण त्या गोळ्या तेच स्नायू सैल करतात. तरुण माणसाला मूल हवं असेल तर मात्र डॉक्टरांशी हे आधी बोललंच पाहिजे.

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी काढून खिशात घातली आणि म्हणाले दुसऱ्या डॉक्टरला दाखवूया, चल. आता गोळ्या चालू आहेत, रात्री एकदा नाहीतर दोनदा उठतात, ऑपरेशनची अजून तरी गरज नाही म्हणालेत. ४७०० रुपये माझ्यासाठी तिथंच वसूल झाले.

बाईच्या मॉडेलचं मात्र सगळं उलटं. तिथं दोन वाटा कुठंच मिळत नाहीत, फक्त जन्मभर एकमेकींना लागून राहतात. पुढं मूत्रमार्ग, जेमतेम ४ सेंटीमीटर, पुरुषाचा २० च्या आसपास असतो. त्याच्या मागं योनी, त्याच्या मागं गुदद्वार. मूत्राशय पुढं आणि गर्भाशय त्याच्यावर ओणवं होऊन टेकलेलं, लहान पोर आईच्या पाठीवर ओणवतं ना तसं. मॉडेलमधून गर्भाशय काढून परत बसवताना हे हाताला कळतं, मूत्राशय आधी बसवल्याशिवाय ते नीट बसतच नाही.

करवीर तालुक्यातल्या एका गावात माझी मैत्रीण बचत गट चालवते, तिनं बोलावलं म्हणून दोन्ही मॉडेल घेऊन गेले. देवळाच्या मागच्या सभामंडपात वीसेक बायका, पोरीबाळी, आज्ज्या. मी पहिलाच प्रश्न टाकला, खाली वाटा किती? कुजबुज, हसणं, मग कुणीतरी म्हणालं दोन. बऱ्याच जणींनी माना हलवल्या. मी बाईचं मॉडेल फिरवून दाखवलं, बोट ठेवून मोजल्या, तीन. पुढच्या रांगेतल्या एक आज्जी, साठी उलटलेल्या, पाच बाळंतपणं झालेल्या, मॉडेल मांडीवर घेऊन बसल्या, स्वतः मोजल्या आणि म्हणाल्या, "माझं समदं आयुष्य गेलं की गं पोरी, मला कुणी सांगितलंच न्हाई." शेजारी त्यांची सून बसलेली, ती मान खाली घालून गप्प. मला त्या क्षणी बोलता येईना.

तिथं आणखी एक गोष्ट कळली जी मला आधी कधी सुचली नव्हती. आपल्या बोलण्यात दोन्हीला पिशवीच म्हणतात, लघवीची पिशवी आणि गर्भाची पिशवी. एका ताईंचं पिशवीचं ऑपरेशन आठ वर्षांपूर्वी झालेलं, त्यांनी विचारलं, "मॅडम माझी पिशवी काढलीया, मग लघवी कुठं साठती?" आठ वर्षं ह्या बाईनं हा प्रश्न मनात ठेवला होता. मी गर्भाशयाचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला, म्हटलं ही काढली, आणि ही बघा लघवीची, ही जागेवरच आहे. त्यांनी दोन्ही हातात दोन पिशव्या धरून बघितल्या. मी तेव्हापासून वर्गात पण दोन्ही शब्द पूर्ण म्हणते, नुसतं पिशवी म्हणत नाही. तुम्ही पण म्हणू नका.

मग मोकळं बोलणं सुरू झालं. दुसऱ्या बाळंतपणापासून अकरा वर्षं खोकलं शिंकलं की लघवी सुटते अशी एक बाई सांगायला लागली. तिला वाटायचं किडनी खराब झालीय, म्हणून ती पाणीच कमी प्यायची, म्हणून मग उन्हाळी, म्हणजे लघवीला जळजळ, लागायची, म्हणून आणखी भीती. किडनीचा काही संबंध नाही हे मॉडेलवर दाखवता आलं. मूत्राशय, योनी, गर्भाशय ह्या सगळ्यांना खालून स्नायूंची एक झोळी तोलून धरते. बाळ त्याच झोळीतून बाहेर येतं, झोळी ताणते, कधी फाटते. ती सैल झाली की मूत्रमार्गाचा आधार जातो आणि जोर पडला की लघवी गळते. आणखी सैल झाली की अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं, आणि त्याच्याबरोबर मूत्राशय पण खाली ओढलं जातं. म्हणजे बाळंतपणाची दुखापत लघवीतून दिसते. झोळीचे व्यायाम आहेत, लघवी रोखताना जे आवळतो तेच स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे, पण लघवी करत असताना नाही, एरवी बसल्या बसल्या. अमेरिकेतल्या केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ञानं १९४८ साली ते मांडले, म्हणून केगेल व्यायाम म्हणतात. पंचाहत्तर वर्षांपेक्षा जास्त झाली. बिनपैशाचे आहेत. त्या सभामंडपातल्या एकीलाही कुणी सांगितलेले नव्हते. व्यायामानं कमी नाही झालं तर डॉक्टरकडं इलाज आहेत, हे पण सांगितलं, पण पाणी कमी प्यायचं नाही.

उन्हाळीचं पण तसंच. बायकांना वारंवार का होते तर वाट ४ सेंटीमीटरची आणि गुदद्वार शेजारी, तिथले जंतू सहज वर चढतात, ह्यात अस्वच्छतेचा ठपका ठेवण्यासारखं काही नाही. नवीन लग्न झालेल्या मुलींना होते कारण संबंधाच्या वेळी जंतू वर ढकलले जातात, नंतर लघवीला जाऊन यायचं. पाळी गेलेल्या बायकांना होते कारण मूत्रमार्गाचं आणि योनीचं अस्तर एकाच संप्रेरकावर, इस्ट्रोजेनवर जगतं, ते कमी झालं की दोन्ही एकदम पातळ आणि कोरडी होतात. डॉक्टर लोकांनी २०१४ साली ह्या त्रासाचं नावच बदललं, आधीच्या नावात नुसती योनी होती, आता लघवीची लक्षणं पण त्याच नावात घेतलीत. आज्ज्यांना जळजळ आणि सारखी लघवी म्हणजे म्हातारपण म्हणून गप्प बसवतात, त्याला इलाज आहे, डॉक्टरला विचारा.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी ही की बाईच्या मॉडेलमध्ये मूत्रमार्ग आणि योनी दोन्ही एकाच गुलाबी रंगात रंगवलेत आणि मूत्रमार्गाचं बाहेरचं तोंड दाखवलंच नव्हतं, नुसती एक पुसट रेघ. दोन हातांवरून बघितलं तर एकच वाट वाटते. ज्या गैरसमजासाठी मी हे मॉडेल घेतलं तोच गैरसमज मॉडेलनं रंगवून ठेवलेला. मला फार राग आला होता. मी पिवळं नेलपॉलिश आणून मूत्रमार्ग रंगवला, तापवलेल्या सुईनं तोंडाचं भोक पाडलं. तुम्ही घेतलंत तर आधी हेच करा.

दुसरी, पुरुषाच्या मॉडेलमध्ये शिश्नाच्या आतल्या उती, रक्तवाहिन्या सगळं बारकाईनं, आणि बाईच्या मॉडेलमध्ये क्लिटोरिस म्हणजे एक ठिपका, त्याला नंबर सुद्धा नाही. दोन्ही एकाच उतीपासून बनतात, बाईत पण ती आत खोलवर मूत्रमार्गाच्या दोन्ही बाजूंनी पसरलेली असते. १९९८ साली हेलन ओकॉनेल ह्या ऑस्ट्रेलियातल्या युरॉलॉजिस्ट बाईंनी ते नीट मांडलं, म्हणजे लघवीच्या डॉक्टरनंच. मॉडेल बनवणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही.

तिसरी, नंबरांच्या कागदावर शुक्राशय आणि प्रोस्टेटचे नंबर उलटे छापलेत. मी कागद फाडून मराठीत माझा बनवला.

चौथी, मूत्रवाहिन्या इंचभर वर जाऊन कापल्यात, किडनी नाही. ओटीपोटाचं मॉडेल आहे त्यामुळं मान्य, पण ह्यानं एक मोठी गंमतीची गोष्ट राहून जाते. मुतखडा २५ सेंटीमीटरच्या मूत्रवाहिनीतून खाली सरकताना कळ अंडकोषात का जाते? कारण वृषणं पोटात किडनीच्या जवळच तयार होतात आणि जन्माच्या आधी खाली उतरतात, येताना आपल्या नसा आणि रक्तवाहिन्या वरूनच ओढत आणतात. डाव्या वृषणाची शीर आजही डाव्या किडनीच्या शिरेलाच जाऊन मिळते, उजवीची मात्र थेट मोठ्या शिरेला. वृषणाच्या शिरा फुगण्याचा त्रास डाव्या बाजूला जास्त दिसतो त्याचं एक कारण हे.

आणि जे कुठल्याच मॉडेलमध्ये दिसणार नाही ते मी फळ्यावर काढते. गर्भात आधी एक तात्पुरती किडनी बनते, ती थोडे आठवडे चालते आणि मग विरते. पण तिचा निचऱ्याचा पाइप फुकट जात नाही. मुलगा असेल तर त्याच पाइपची शुक्रवाहिनी होते. आणि कायमच्या किडनीची मूत्रवाहिनी फुटते ती पण त्याच पाइपमधून, कोंब फुटावा तशी. मुलीत तो पाइप सुकतो आणि त्याच्या शेजारच्या दुसऱ्या नळीपासून गर्भाशय बनतं. वुल्फ आणि म्युलर अशा दोन जर्मन शास्त्रज्ञांची नावं ह्या दोन नळ्यांना आहेत. बेडकाच्या नरात तर आजही लघवी आणि शुक्राणू एकाच नळीतून जातात, आपल्यात ती जुनी सोय मोडून नवी केलीय एवढंच. म्हणूनच एखाद्या मुलीचं गर्भाशय अर्धवट बनलेलं दिसलं की डॉक्टर किडनीची पण सोनोग्राफी करतात, कितीदा एक किडनी नसतेच. एका माळ्यावर बांधकाम चुकलं की शेजारच्या खोलीत बघावं लागतं.

सर्जन लोकांना हे शेजार कायम सांभाळावं लागतं. गर्भाशयाची रक्तवाहिनी मूत्रवाहिनीच्या वरून जाते, गर्भाशयाच्या मुखापासून दोनेक सेंटीमीटरवर, आणि गर्भाशय काढताना ती रक्तवाहिनी बांधताना खालची मूत्रवाहिनी जपावी लागते. सुश्रुतसंहितेत मुतखडा काढायच्या शस्त्रक्रियेत वैद्यानं आठ जागा टाळायला सांगितल्यात, त्यात मूत्रवह आणि शुक्रवह दोन्ही शेजारी शेजारी आहेत, योनी आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, पण आहे. आमच्या शेजारच्या वैद्य वहिनींनी तो श्लोक मला मॉडेलवर बोट ठेवत ठेवत म्हणून दाखवला, आठच्या आठ.

दुकानाची सर्व्हिस चांगली. चौथ्या महिन्यात मूत्राशयाच्या तुकड्यातलं चुंबक सुटलं, बिल नेलं, काकांनी अंबाल्याला फोन लावला, तीन आठवड्यांनी नवा तुकडा आला, पैसे घेतले नाहीत. रंगाबद्दल आणि नंबरांबद्दल मी कागदावर लिहून दिलं, ते पण त्यांनी फोटो काढून पाठवलं, पुढं काय झालं ते कळलं की इथंच लिहीन. नवं असताना रंगाचा वास येतो, आठ दिवस गॅलरीत ठेवा. ओल्या फडक्यानंच पुसा, स्पिरिट लावलं की गुलाबी रंग फडक्याला येतो, माझा योनीच्या कडेचा थोडा गेलाय.

नुसता तक्ता दोन-अडीचशेत मिळतो, मोबाइलवर फिरवून बघायची थ्रीडी चित्रं तर फुकट, आणि बारावीच्या पोरांना तीच जास्त आवडतात. पण आज्जींना मोबाइल देऊन बघितला होता, त्यांनी लगेच परत दिला. मॉडेल मात्र अर्धा तास मांडीवरून सोडलं नाही.

एकच परवडत असेल तर बाईचं घ्या, दुकानात खोकं उघडून तिन्ही तुकडे काढून परत बसवून बघा, मूत्राशय हललं तर दुसरा पीस मागा. बिल घ्यायला विसरू नका. पुरुषाचं सध्या माझ्याकडं नाही, अण्णांनी नेलंय, कट्ट्यावरच्या दोघातिघांना बघायचं होतं म्हणून, लोकर निघू देऊ नका एवढं बजावलंय.